पायांवरचा पाळणा

“हिचे पाय थांबले का ही बी थांबते, ध्यानात ठेव बरं पोरी.”

बैलबंडी जुंपून उभी होती, सामान चढलं होतं, आणि चतुराबाई चाकाला धरून, आत बसलेल्या थोरल्या जावेकडे बघत शालूच्या कानाशी बोलत होती. चतुराबाई म्हणजे शालूच्या सासूची, जाईबाईची, धाकटी जाऊ. दोघी जावांचं उभं आयुष्य चांदूर बाजाराजवळच्या त्या गावात लोकांच्या वावरांतून निंदण-वेचण करण्यात गेलेलं. आता जाईबाई अकोल्याला मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. मुलगा देवमन कचेरीत कारकून, सून अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, नातू तान्हा. शालूला वाटलं, ही जळते आहे. जळणारच. हिला उद्या पुन्हा पऱ्हाटीत, कापूस वेचायला वाकायचं आहे आणि थोरली जाऊ मुलाच्या घरी टेकून बसणार. तिने नुसती मान हलवली, बाळाचं टोपडं कानावर ओढून घेतलं आणि बंडी हलायच्या आत ते बोलणं विसरून गेली. बाळाच्या कानात वारं जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शालूच्या डोक्यात सदा असंच काहीतरी असे. बाळाचं नाव सुमेध. तो शिंकला की सर्दी छातीत उतरली का, झोपला की श्वास चालू आहे का, हसला की जास्त हसला तर उचकी लागेल का. अकोल्याचं घर दोन खोल्यांचं, वर कवेलूंचं छप्पर. गल्लीच्या टोकाच्या घरात कवेलूतून विंचू सुटून पाळण्यात पडला होता. पोरगं वाचलं, पण त्याचं रडणं शालूने आपल्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं होतं. त्याच दिवशी तिने आपला पाळणा सोडून माळ्यावर टाकला. मग सुमेधला निजवायचं कुठे? खाली उंदीर, खाटेवर ढेकूण, वर विंचू.

जाईबाईने पाय लांब केले. “आन इकडं. तुह्या नवऱ्याले बी असंच निजवलं मी.”

भिंतीला पाठ टेकून ती बसे. दोन्ही पाय जोडून सरळ, त्यांच्या मधल्या खोबणीत जुन्या लुगड्याची घडी, घडीवर बाळ. पायांचे पंजे डावी-उजवीकडे हलवत ती काहीतरी गुणगुणे आणि बघता बघता सुमेधचे डोळे मिटत. मग पंजेही थांबत. त्यानंतर जाईबाई हलत नसे. हलली की पोरगं जागं होई, पोरगं रडलं की शालू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत येई आणि तिचा तो उतरलेला चेहरा जाईबाईला बघवत नसे. त्यापेक्षा न हललेलं बरं. दुपार अशी जाई, कधी संध्याकाळही.

सुरुवातीला मात्र तिची पहाट तिची होती. उजाडायच्या आधी उठून ती मोर्णा नदीकडे चालत जाई आणि उन्हं अंगणात यायच्या वेळी परत येई, पदरात चिवळची भाजी खुडून आणलेली. तेवढ्या चालण्यावर तिचा दिवस निघे. पण एकदा कचेरीत कुणीतरी देवमनला म्हणालं, तुमच्या मातोश्री नदीवर पाला वेचताना दिसल्या, घरी काही अडचण आहे का? देवमन त्या दिवशी जेवला नाही. कारकुनाच्या खुर्चीवर बसायला त्याला किती दारांतून जावं लागलं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. मायसमोर नाही, शालूजवळ तो बोलला.

“माह्या मायनं जन्मभर उभ्यानं भाकर खाल्ली शालू. वावरात घडीभर टेकली का मुकडदम शिवी घाले. आता ती बसन, अन् आपन उभं राहू.”

शालूलाही ते पटलं. खरं तर तिचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून जाईबाईचं पहाटेचं नदीवर जाणं थांबलं, तिच्या उशाशी पाण्याचा गडू आला, ताट हातात येऊ लागलं, लुगडं शालू धुऊ लागली. मोरी दोन पावलांवर होतीच. जाईबाई पहिल्यांदा कुरकुरली, मले चालू द्या बापा, मी काय पांगळी आहो? मग तिने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. तुह्या इज्जतीपुढे माहे पाय काय मोठे आहेत का, म्हणाली. हिवाळा असा सरला.

आणि घरात एक माणूस थोडं थोडं विझत होतं, ते कुणाला दिसलं नाही. शालू समोरच असे, पण तिची नजर नेहमी त्या पायांवरच्या बाळावर थांबे, पायांवर नव्हे. जाईबाईची भूक गेली. रात्री झोप येईना. उंबऱ्याची पायरी चढली तरी ती भिंतीला हात लावून उभी राही. शालू स्वतःची समजूत घाले, वय झालं. जाईबाई हसून म्हणे, “मानूस नाई राहिली मी आता. तुह्या पोराचा पाळना झाली.”

वैशाखातली गोष्ट. दुपार कलली तेव्हा शालूने पाजायला म्हणून सुमेधला सासूच्या पायांवरून उचललं, आणि जाईबाई पाय जवळ घ्यायला गेली तर डावा पाय येईना. तिने दोन्ही हातांनी गुडघा धरून ओढला. लुगडं वर सरकलं. उजवी पोटरी नेहमीसारखी, वाळकी, नसा दिसणारी. डावी केळीच्या खांबासारखी सुजलेली, कातडी ताणून चकाकणारी. शालूने बोट लावलं तर ती जागा तव्यासारखी गरम होती.

“मुंग्या आल्या असतीन,” जाईबाई म्हणाली. “जराशीक तेल लावून चोळून दे.”

शालूने वाटीत तेल घेतलं, चुलीवर कोमट केलं. तेवढ्यात देवमन कचेरीतून आला. त्याने सायकल भिंतीला लावली, आईचा पाय बघितला आणि शालूच्या हातातली वाटी घेऊन खाली बसला. आण, मीच चोळतो, म्हणाला. बाह्या वर सारल्या, तळहातावर तेल ओतलं.

आणि शालूला सुभद्रा आठवली.

सुमेध झाला तेव्हा अमरावतीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर होती ती. डॉक्टरीणबाई सगळ्या बाळंतिणींना दुसऱ्याच दिवशी खाटेवरून उठवत, व्हरांड्यात चालायला लावत. शालू रडत रडत चालली होती. सुभद्रा उठली नाही. वारं लागेल, आमच्यात सव्वा महिना उठत नाहीत, असं तिची आई डॉक्टरीणबाईंशी भांडून सांगत राहिली. मग सुभद्राचा एक पाय सुजला. आईने लपवून आणलेल्या तेलाने तो पाय जीव लावून, दाबून दाबून चोळला. सुभद्रा उठून बसली, छातीला हात लावला, म्हणाली माय मले श्वास... आणि तिने वाक्य पुरं केलं नाही. तिचं पोरगं तेव्हा शालूच्या पोरासारखंच टोपडं घालून निजलेलं होतं.

“हात लावू नका,” शालू म्हणाली.

देवमनने वर पाहिलं. त्याला वाटलं, ती दुसऱ्या कुणाला बोलते आहे.

“चोळू नका पायाला. आत रक्ताची गाठ असेल तर सुटेल. आधी डॉक्टर आणा.”

“माह्या मायच्या पायाले हात लावू नको म्हनतं तू मले?” त्याचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. “सहा महिने झाले, तिच्या पायावर तुहं पोरगं निजते. अन् तिचा पाय दुखते तं मी चोळू बी नको?”

शालूने सुमेधला तसंच उघड्या जमिनीवर ठेवलं, देवमनच्या हाताखालून वाटी ओढली आणि अंगणात जाऊन तेल मातीत ओतून दिलं. परत येऊन ती सासूच्या पायाला पाठ लावून बसली, आडवी, भिंतीसारखी. देवमनचा तळहात तेलाने चकाकत हवेत राहिला.

“भांडू नका बापा,” जाईबाई म्हणाली. “एक पाय तू घे, एक तिले दे.”

शालूने हसण्याचा प्रयत्न केला आणि तिला रडू फुटलं. तिने सुभद्राचं सांगितलं, तुटक तुटक, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून अर्धं खुणांनी. देवमनने ऐकून घेतलं. मग त्याने हात धोतराला पुसला आणि शेजारी गेला. शेजारी रजियाबी राहायची. तिचा नवरा शफीक टांगा हाकायचा. घोडा नुकताच सोडलेला, तरी त्याने पुन्हा जुंपला.

ओमप्रकाश डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही पोटऱ्या सुतळीने मापून पाहिल्या, छातीला नळी लावली, आणि विचारलं, आई दिवसभर काय करतात?

“बसून असतात,” शालू म्हणाली.

“केव्हापासून?”

“हिवाळ्यापासून,” देवमन म्हणाला. पायातल्या रक्तवाहिनीत रक्त गोठलं आहे, ते म्हणाले, चोळलं नाही हे फार चांगलं केलं. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही. मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच, आणि टांग्यात नको, धक्के बसतील. आडवंच न्या.

मग खाट उचलली. देवमन, शफीक आणि गल्लीतले दोघे, चार कोपऱ्यांना चौघे. खाटेवर पांढऱ्या चादरीखाली जाईबाई. गल्लीतल्या बायका दारांत आल्या, त्यांनी पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतले. एकीने तोंडाला पदर लावून सूर काढला. शालू खाटेला धरून चालत राहिली.

चादर हलली. “मेली नाई वं मी अजून,” जाईबाई म्हणाली. “रडाचं असन तं मंगसाठी ठेव थोडंसं.”

दवाखान्यात पाय उशांवर उंच ठेवला. सुया सुरू झाल्या. हलायचं नाही, उठायचं नाही, जोरात खोकायचंही नाही. शालू खाटेच्या पायथ्याशी बसली आणि आजवर बाळाची छाती जशी न्याहाळत आली होती तशी तिने सासूची छाती न्याहाळायला घेतली. वर, खाली. वर, खाली. जाईबाईला ठसका लागला की शालू उठून उभी राही. प्रत्येक वेळी तिला सुभद्राचं अर्धं वाक्य ऐकू येई. सुमेधला तिने रजियाबीच्या ओटीत दिलं होतं. पाजायला तेवढं रजियाबी त्याला घेऊन येई. संध्याकाळी केव्हातरी तिच्या ध्यानात आलं की रजियाबीच्या घरावरही कवेलूच आहेत, आणि आपल्याला दिवसभर ते आठवलंसुद्धा नाही.

देवमनने तिथल्या डॉक्टरांना एकदाच विचारलं. तिला आराम दिला, यात आमचं काय चुकलं?

डॉक्टर चांगले होते, त्यांनी सुनावलं नाही. तुमच्या गावाकडे विहिरीवर मोट असेल, ते म्हणाले. बैल चालले की मोट वर येते. पायातलं रक्त असंच वर काळजाकडे चढतं, आणि ते चढवणारे बैल म्हणजे या पोटऱ्या. रोज चालणाऱ्या माणसाचे बैल तुम्ही गोठ्यात बांधून टाकले. मोट खालीच राहिली.

देवमन बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

जाईबाई वाचली. सूज हळूहळू ओसरली, कातडीवर पुन्हा सुरकुत्या आल्या, आणि त्या बघून शालूला इतका आनंद झाला की तिने त्यांवर हात फिरवायला नेला आणि घाबरून मागे घेतला. पण खरी भीती पुढेच होती. एक दिवस डॉक्टर म्हणाले, उद्यापासून यांना चालवा. आज दारापर्यंत, उद्या थोडं पुढे, असं रोज वाढवत न्या. आता बसवलंत तर पुन्हा हेच. काल जे हलू नका म्हणत होते तेच आज चाला म्हणतात, शालूला कळेना विश्वास कशावर ठेवावा. तिने तीनतीनदा विचारून घेतलं. गाठ गेली का? खरंच गेली का? चालताना सुटली तर? डॉक्टर म्हणाले, धोका आता बसण्यात आहे, चालण्यात नाही.

आणि जाईबाईच उठेना. मैलोन् मैल डोक्यावर भारा घेऊन चाललेली बाई खाटेखाली पाय सोडून तशीच बसली. “हे पाय माहे नाई वाटत,” ती म्हणाली. तिच्या तोंडून असं बोलणं शालूने कधी ऐकलं नव्हतं. शालूने तिच्या काखेत खांदा घातला. दुसरीकडून देवमन. तिघं दारापर्यंत गेली, दाराला धरून उभी राहिली, परत आली. जाईबाई घामाने भिजली, शालूही. त्या रात्री जाईबाई मध्येच न उठता झोपली आणि शालू तिचा श्वास मोजत जागी राहिली.

घरी आल्यावर देवमनने माळ्यावरून पाळणा काढला आणि वर कवेलूखाली खोलीभर जाड मांजरपाट ताणून बांधला. इतकी साधी गोष्ट होती. विंचू आला तर कापडावर पडेल, पोरावर नाही. खिळे ठोकताना तो शालूकडे बघत नव्हता आणि शालू त्याच्याकडे.

मग रोजची पहाट. बाळ कडेवर, सासू शेजारी, शालू निघू लागली. आधी निंबापर्यंत. मग पिठाच्या गिरणीपर्यंत. मग रेल्वेच्या फाटकापर्यंत, तिथे गाडी जाईपर्यंत उभं राहावं लागे तेव्हाही जाईबाई जागच्या जागी पाय उचलत राही. पावसाळा तोंडावर आला तोवर ती भाकरीबरोबर ठेचा मागायला लागली. उंबऱ्याची पायरी चढताना भिंतीला हात लावेनाशी झाली. भाजीवालीशी भांडण्याइतका दम तिच्या छातीत आला. शालूची स्वतःची बाळंतपणापासूनची पाठदुखीही कुठे गेली ते तिला कळलं नाही. आडवी झाली की डोळा लागे. देवमन पहिल्यांदा मागून अंतर ठेवून चालत असे. कचेरीत पुन्हा कुणीतरी विचारलं, तुमच्या मातोश्री हल्ली रोज फिरताना दिसतात. तो म्हणाला, हो, तुमच्याही पाठवा, सोबत होईल.

सुमेध रांगू लागला, जड झाला. एक दिवस जाईबाई फाटकाशी थांबली आणि म्हणाली, उद्यापासून मी एकली जाईन. मोर्णेलोक, थेट नदीपर्यंत. शालूने सतरा कारणं सांगितली. ट्रक आहेत, मोकाट सांड आहेत, चक्कर आली तर, पाय पुन्हा दुखला तर.

“तुहं भेव मले समजते पोरी,” जाईबाई म्हणाली. “पन तू अन् तुहं पोरगं संग असले का गळ्यात लोढनं बांधल्यावानी वाटते. ढोराले बांधतेत न लोढनं, दूर जाऊ नये म्हनून? तसं. मले चालू दे.”

शालूने डॉक्टरांना विचारलं. ते हसून म्हणाले, जाऊ द्या की. देवमनला विचारलं. तो म्हणाला, तिच्या मर्जीनं जाऊ दे. नाही म्हणणारी शालू एकटीच उरली, आणि आपण नाही म्हटलं तर जाईबाई ऐकेल, हे तिला माहीत होतं. मुलाच्या इज्जतीसाठी एकदा ऐकलं होतं तसं सुनेच्या भीतीसाठीही ऐकेल. भिंतीला टेकून बसेल, पाय लांब करेल, हसेलसुद्धा. म्हणून शालूने आदल्या संध्याकाळी सासूची वहाण काढून स्वतःच दाराशी ठेवली.

आज सकाळी जाईबाई एकटी गेली आहे. अजून आलेली नाही. उन्हं अंगणात येऊन भिंतीवर चढली आहेत, चुलीवर चहा दोनदा आटला आहे. देवमन कचेरीत गेला. सुमेध पाळण्यात रडतो आहे, रजियाबीच्या दाराला कडी आहे, त्याला टाकून शालूला जाता येत नाही, घेऊन जावं तर सासू म्हणेल आलं लोढणं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते आहे. शफीक टांगा घेऊन गेला, त्याला विचारलं. तो म्हणाला, भाभी, मी तं स्टेशनाकडून आलो.

तुम्ही मोर्णेकडे निघाला असाल, किंवा तिकडूनच येत असाल, तर तिची एवढी चौकशी कराच. निळं लुगडं, उंच, थोडी वाकलेली, डावा पाय जरासा जपून टाकते. लांबूनच बघा. चालत असेल तर हाक मारू नका, सुनेने पाठवलं असं तर मुळीच सांगू नका. कुठे पारावर, दगडावर बसलेली दिसली, तर जवळ जा आणि तिचा श्वास बघा. मग पळत येऊन शालूला सांगा. ती दारातच आहे.